मांडूला स्टेडियम नको, मुक्काम हवा

"आधी धारला एक मोठं स्टेडियम होऊ द्या, मग बघा कसे लोक येतात."

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, की त्यातलं 'आधी' कानावर पडलं की पुढचं सगळं मला कळतं. लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, देवासच्या टेकरीच्या पायऱ्या उतरताना ऐकलंय, पुण्याहून धार जिल्ह्यातला मांडूचा किल्ला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडूनही ऐकलंय. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. धार आणि देवास या पवारांच्या जुन्या संस्थानांना इंदूरच्या सावलीतून बाहेर काढावं, इथल्या पोरांना गावातच काम मिळावं, असं त्यांना मनापासून वाटतं. मलाही वाटतं. म्हणूनच ही समजूत मला सहन होत नाही. स्टेडियमची वाट बघत बसलं की जे आज, आहे त्यात करता येण्यासारखं आहे, तेही कुणी करत नाही.

गैरसमजाचं मूळ शब्दातच आहे. 'क्रीडा पर्यटन' म्हटलं की डोळ्यांपुढं सामना येतो: प्रेक्षक, तिकिटं, रात्रीचे दिवे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या हेदर गिब्सन यांनी १९९८ मध्ये या विषयावरच्या अभ्यासाचा आढावा घेतला आणि अशा प्रवाशांचे तीन गट पाडले. पहिला गट खेळ बघायला जाणाऱ्यांचा. दुसरा खेळाच्या आठवणी बघायला जाणाऱ्यांचा, म्हणजे जुनी मैदानं, संग्रहालयं वगैरे. तिसरा गट स्वतः खेळायला जाणाऱ्यांचा. धावणारे, सायकल चालवणारे, डोंगर चढणारे, लांब पल्ल्याला चालणारे, हे सगळे या तिसऱ्या गटात येतात. स्टेडियम लागतं ते फक्त पहिल्या गटाला. तिसऱ्याला वाट लागते, चढ लागतो, पाणी लागतं आणि रात्री पाठ टेकायला जागा लागते. धार जिल्ह्यापुरता विचार केला तर आपल्या कामाचा गट हा तिसरा.

पण मोठा सामना, मोठी स्पर्धा आली तर पैसा येतोच ना? येतो. प्रश्न असा, की तो कुणाच्या खिशात जातो आणि त्यासाठी आपल्या खिशातून किती गेलेला असतो. रॉबर्ट बादे आणि व्हिक्टर मॅथेसन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये ऑलिंपिकच्या अर्थकारणावर लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. बहुतेक यजमान शहरांना हा व्यवहार तोट्याचा पडतो आणि फायदा फार विशिष्ट परिस्थितीतच होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. माँट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकचं कर्ज फेडून संपवलं ते २००६ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी. आपल्याकडे दिल्लीत २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्यांच्या खर्चाचं आणि कारभाराचं काय झालं, ते महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालात कुणालाही वाचता येईल. दिल्लीसारख्या शहराला जे पेललं नाही, ते धारला पेलेल असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

मांडूच्या बाबतीत तर कायद्याचीच भिंत आहे. पुरातन वास्तूंचा १९५८ चा कायदा २०१० मध्ये दुरुस्त झाला. त्यानुसार केंद्राच्या संरक्षणाखालच्या वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय वीटसुद्धा रचता येत नाही. मांडूत जहाज महाल, हिंडोळा महाल, जामी मशीद, होशंगशाहची कबर, बाजबहादूरचा महाल, रूपमतीचा मंडप अशा वास्तू पठारभर पसरल्यात. प्रत्येकीभोवती हे वर्तुळ काढा आणि मग नकाशावर मोठ्या बांधकामाला जागा शोधा. हा कायदा चांगला आहे. मांडूची जी किंमत आहे ती या कायद्यानं राखली आहे.

तर मग मांडूकडे आहे काय?

समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच असलेलं एक पठार आहे. उत्तरेला काकडा खोहची खोल दरी त्याला माळव्यापासून तोडते आणि दक्षिणेला कडा थेट निमाडात उतरतो. पठाराच्या कडेनं मैलोन्‌मैल कोट आहे, त्याला बारा दरवाजे. उत्तरेकडून येणारा रस्ता आलमगीर दरवाजा, भंगी दरवाजा असे एकामागून एक दरवाजे ओलांडत वर चढतो. आत तळी आहेत, शेतं आहेत, पोट सुटल्यासारख्या बुंध्यांची खुरासानी चिंचेची झाडं आहेत. ती मूळची आफ्रिकेतली. १६१७ मध्ये जहांगीर पावसाळाभर इथं राहिला, इंग्रजांचा वकील टॉमस रो त्याच्या दरबारासोबत होता. पावसाळ्यात मांडूला येऊन राहायचं असतं, हे चारशे वर्षांपूर्वीच्या बादशहाला कळलं होतं.

धावणाऱ्याला, चालणाऱ्याला, सायकलवाल्याला याहून जास्त काय बांधून द्यायचं?

आता मुक्कामाची गोष्ट. सगळ्या विषयाची किल्ली इथं आहे. इंदूरहून मांडू साधारण शंभर किलोमीटर. मोटारीतून येणारं कुटुंब अकराच्या सुमारास पोचतं, जहाज महालात फोटो काढतं, दुपारी कुठंतरी जेवतं, संध्याकाळी रूपमतीच्या मंडपातून सूर्यास्त बघतं आणि रात्री घरी झोपतं. डबा बरेचदा घरचाच, पाण्याचे कॅन गाडीत, पेट्रोल इंदूरला भरलेलं. गावात राहतात ते गाडी लावायचे पैसे, चहाचे पैसे आणि चिप्सच्या पाकिटावरची दुकानदाराची दोन-चार रुपयांची कमाई.

सायकलवाला हेच शंभर किलोमीटर बेटमा, घाटाबिल्लोद, लेबड, धार, नालछा असं करत येतो. त्याला दर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबावंच लागतं. चहा, केळी, पोहे, लिंबू-पाणी, कुठं पंक्चर. डिकी नसल्यानं घरचा डबा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मांडूला पोचेपर्यंत त्याच्या पायात परत जायचं बळ उरलेलं नसतं. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकलफेऱ्या, करणारे तयारीचे सायकलपटू २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करतात हे खरं, पण ते मूठभर. बाकीचे रात्री राहतात. मोटारवाल्याला मुक्कामासाठी पटवावं लागतं, सायकलवाल्याला त्याचं शरीरच थांबवतं. पायी कोटाची फेरी करणाऱ्याला तर दोन रात्री लागतील.

ही कल्पना माझ्या डोक्यातून आलेली नाही. न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतात कोरड्या, विरळ वस्तीच्या भागातून जाणारा एक लोहमार्ग १९९० मध्ये बंद झाला. रूळ निघाले. २००० साली त्याच जागेवर मिडलमार्च ते क्लाइड अशी सुमारे दीडशे किलोमीटरची सायकलवाट पुरी झाली. लोक ती तीन-चार दिवसांत करतात, म्हणजे वाटेतल्या छोट्या गावांत दोन-तीन मुक्काम आलेच. रेल्वे गेल्यावर जी गावं ओस पडत चालली होती, तिथली जुनी हॉटेलं पुन्हा उघडली, शेतावरच्या घरांत पाहुणे राहू लागले. नवीन काय बांधलं? पुलांना कठडे, वाटेवर खडी, काही पाट्या आणि स्वच्छतागृहं. त्याच ओटागोतल्या विद्यापीठातले जेम्स हायम यांनी १९९९ मध्येच लिहून ठेवलं होतं, की छोट्या गावाच्या पेलण्यातले छोटे क्रीडा उपक्रम त्याला महाकाय स्पर्धांपेक्षा जास्त लाभतात. आपण ते वाचायला पंचवीस वर्षं उशीर केला आहे.

आपल्या मराठी वाचकाला इतकं लांब जायचीही गरज नाही. राजमाचीच्या पायथ्याशी उधेवाडी आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन बघायला येणारे ट्रेकर तिथल्या घरांत पिठलं-भाकरी खातात, ओसरीवर झोपतात. दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणारे शेकडो लोक वाटेवरच्या वाड्यांमध्ये रात्र काढतात. या गावांत स्टेडियम कुणी बांधलं नाही. गावाकडे घर होतं, चूल होती आणि चालून दमलेला माणूस दारात आला होता.

आता पैशाचा हिशेब करू, कारण "स्पर्धा भरवली की गावाचं भलं" हे त्या स्टेडियमवाल्या समजुतीचंच धाकटं भावंड आहे. आकडे मी उदाहरणासाठी धरतो. समजा, मांडूत एका रविवारी शर्यत झाली. ३०० धावपटूंनी प्रत्येकी १,५०० रुपये भरले. साडेचार लाख जमले. टी-शर्ट परराज्यातून आले, पदकं मोठ्या शहरातून, वेळ मोजणारी चिप आणि ती हाताळणारी माणसं बाहेरून, मंडप इंदूरचा, पाण्याच्या बाटल्या कंपनीच्या. धावपटू पहाटे बसने आले आणि दुपारी बसने गेले. गावाला मिळालं ते काही पोरांना एका दिवसाचं काम आणि सोमवारी झाडायला कचरा. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. पैसा आला खरा, पण ज्या दारानं आला त्याच दारानं निघून गेला.

दुसरं उदाहरण. दर शनिवारी ३० सायकलवाले आले, गावातल्या घरांत राहिले, राहणं आणि दोन वेळचं जेवण मिळून प्रत्येकी १,००० रुपये दिले. एका आठवड्याचे तीस हजार. पावसाळा आणि हिवाळा धरून असे वीस शनिवार मिळाले तर सहा लाख. यातूनही थोडं बाहेर जातंच, साखर, चहा, गॅस गावात पिकत नाही. पण मक्याचं पीठ, दूध, भाजी, अंथरूण घालणारे हात, वाट दाखवणारा पोरगा हे सगळं गावातलं. त्या पोराला मिळालेले पैसे तो गावातल्याच न्हाव्याकडे आणि किराणा दुकानात खर्च करतो. तोच रुपया गावात दोन-तीन हात फिरतो. पहिल्या उदाहरणात बातमी मोठी होते, दुसऱ्यात बातमीच होत नाही. आपण बातमीला भुलतो.

एक शंका रास्त आहे: इंदूरच्या माणसानं मांडूत खर्च केला तर तो इंदूरमध्ये कमी करेल, मग नवीन काय झालं? मध्य प्रदेश राज्याच्या वहीत फारसं काही नाही, हे मान्य करायला हवं. पण नालछा आणि मांडूच्या वहीत तो सगळा नवा पैसा आहे. स्थानिक विकासाची गोष्ट चालली असेल तर वही स्थानिकच उघडायची. उलट, धारच्याच माणसानं धारच्या स्पर्धेत भरलेली फी 'पर्यटनाचं उत्पन्न' म्हणून दाखवणं चुकीचं आहे. अहवालांत असे आकडे मिसळलेले दिसतात तेव्हा वाचणाऱ्यानं हा प्रश्न जरूर विचारावा.

मांडूला पावसाळ्यातल्या एका सकाळी मी जे पाहिलं ते सांगतो. आदल्या संध्याकाळी इंदूरहून सायकलींवर आलेली सात-आठ मुलं पहाटेच रूपमतीच्या मंडपाकडे गेली होती. खाली निमाडावर ढग होते, नर्मदा काही दिसली नाही, तरी मुलं खुशीत परतली. सात वाजले होते आणि भूक कडकडून लागलेली. बाजारात एकही चूल पेटलेली नव्हती. त्यांनी पिशवीतली बिस्किटं खाल्ली, बाटल्या भरून घेतल्या आणि निघाली. दहाच्या सुमारास त्याच जागी एका काकींनी दुकान मांडलं. त्या दाल-पानिये करतात. मक्याचं पीठ मळून हातावर थापायचं, खाली-वर पानं लावायची आणि गोवऱ्यांच्या आरात ठेवायचं. पान जळून काळं होतं, ते सोलून काढलं की आतल्या जाड भाकरीवर पानाच्या शिरा जशाच्या तशा उमटलेल्या असतात. वर तूप, बाजूला झणझणीत डाळ. शंभर किलोमीटर सायकल मारलेल्या पोराला याहून योग्य अन्न मला सुचत नाही. ते तीन तास उशिरा तयार झालं.

हे तीन तास कुठल्याही स्टेडियमनं भरून निघणार नाहीत. मुलं कधी येणार हे काकींना कुणी सांगितलं नव्हतं आणि मुलांना काकी माहीत नव्हत्या. कामाची सुरुवात इथून करायची आहे. राज्याच्या पर्यटन विभागाची गावातल्या घरांत पाहुणे ठेवण्याची नोंदणी योजना आहे. तिचा अर्ज भरायला मदत, सायकल आत ठेवायला कुलपाची खोली, पहाटे पाचला गरम पाणी, पिथमपूरच्या ट्रकांची वर्दळ टाळून आतल्या रस्त्यानं येणारी एक वाट आखून तिच्यावर पाट्या, आणि बाजारात एक फळा, त्यावर या आठवड्यात किती माणसं येणार त्याचा आकडा. खर्च मोजलात तर स्टेडियमच्या पायाभरणीचा समारंभही याहून महाग पडेल.

धार जिल्हा मांडूवर संपत नाही. पश्चिमेला बाग आहे, तिथं बौद्ध लेणी आहेत, लाकडी ठशांनी कापड छापणारे कारागीर आहेत. त्याच परिसरात टायटॅनोसॉर या गटातल्या डायनोसॉरची २५६ अंडी आणि ९२ घरटी सापडल्याचं संशोधन जानेवारी २०२३ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात आलं. मांडू ते बाग हा सायकलवाल्याचा सरळ दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम होतो. ठसे मारणाऱ्या कारागिराच्या अंगणात बसून कापड विकत घेणारा पाहुणा हा शहरातल्या प्रदर्शनातल्या गिऱ्हाइकापेक्षा त्याला जास्त परवडतो, मधला दलाल नसतो.

देवासबद्दल मात्र खरं बोलायला हवं, कारण ते माझं गाव आहे. देवास शहर इंदूरपासून इतकं जवळ आहे, की सायकलवाला सकाळी येऊन नाश्त्याला परत जातो. चामुंडा आणि तुळजाभवानीची टेकरी रोज पहाटे चढणारे शेकडो आहेत, ई. एम. फॉर्स्टरनं या टेकडीच्या नावावर अख्खं पुस्तक लिहिलंय, कुमार गंधर्व आजारपणात इथल्या कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये आले आणि इथलेच झाले. तरी आजच्या घडीला टेकरी बघणारा रात्री थांबत नाही, आणि त्याला थांबवण्यासाठी काहीतरी मोठं बांधा हा आग्रह पुन्हा त्याच खड्ड्यात नेतो. देवास जिल्ह्याची ताकद दक्षिणेला आहे. खिवनीचं अभयारण्य आहे, नर्मदाकाठचं नेमावर आहे, तिथलं परमारकाळातलं सिद्धनाथाचं देऊळ आहे. नेमावर इंदूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि मुक्कामाचं गणित तिथं जुळतं.

आता बाकीच्या समजुती, थोडक्यात.

"परदेशी पाहुणे आले तरच पैसा." पहिली पाच वर्षं तरी गिऱ्हाईक इंदूर, भोपाळ, पुणे, नाशिक इथलंच असणार, आणि त्याला घरचं जेवण चालतं, नव्हे, तेच हवं असतं.

"हे तरुणांचं काम." नर्मदा परिक्रमेत साठी ओलांडलेली माणसं रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालतात.

"मग परिक्रमाच क्रीडा पर्यटन म्हणून विका." हे करू नये, आणि इथं मी जरा रागानंच लिहितो. परिक्रमावासीला सदावर्त मिळतं ते श्रद्धेनं दिलेलं असतं. तिथं दरपत्रक लावलं तर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला एक व्यवहार मोडेल आणि हाती फारसं काही लागणार नाही.

"सायकल, पदभ्रमण म्हणजे निसर्गाला त्रास नाही." कळसूबाईच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी साचणारं प्लास्टिक बघा. मांडूच्या कोटावर चढून फोटो काढणारा माणूस पाचशे वर्षांचा दगड हलवतो.

"सुरक्षितता म्हणजे हेल्मेट आणि दोरखंड." देवास जिल्ह्यातल्या धाराजीला एप्रिल २००५ मध्ये वरच्या धरणातून सुटलेल्या पाण्यात नर्मदेत उतरलेले कित्येक भाविक वाहून गेले. त्यांना गरज होती ती एका वेळेवरच्या निरोपाची.

"गावातल्या बाईला आपोआप उत्पन्न मिळतं." आपोआप काही मिळत नाही. स्वयंपाक ती करते आणि पैसे घरधन्याच्या खात्यात जातात, हे अनेक ठिकाणी दिसतं. नोंदणी आणि खातं तिच्या नावावर करायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं लागतं.

त्या सकाळी मी काकींच्या दुकानापुढच्या बाकावर बसून दोन पानिये खाल्ले आणि सायकलवाल्या मुलांची हकीकत त्यांना सांगितली. सात-आठ जणं होती, उपाशी गेली, हे ऐकून त्यांना वाईट वाटलं. किती वाजता आली होती, परत येतात का, डाळ तिखट चालते का, असं त्यांनी बारकाईनं विचारलं. मग गोवऱ्या सारत म्हणाल्या, "भैया, पुढच्या वेळी आदल्या दिवशी कुणाच्या तरी हाती निरोप पाठवा. मी पहाटे चारला चूल पेटवीन, पण पीठ रात्रीच दळून ठेवावं लागतं."